नाव बदलले तरी मी तीच



आजच्या वर्धापनदिनी ‘मी कोण?’ या विषयावर मला दोन शब्द बोलायचे आहेत. विषय पंडितांचा खरा. पण पंडितांना हा प्रश्न पोथीत भेटतो, आपल्याला तो लग्नाच्या दिवशी भेटतो. ताटात तांदूळ पसरतात, अंगठीने नवे नाव लिहितात, आणि सकाळची यमू संध्याकाळी सुमती होते. मग यमू गेली कोठे?

नावाने वस्तू बदलत नाही, हे आपल्या बेलापूरकरांना शिकवायला नको. श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनाला बेलापूर म्हणतात, म्हणून श्रीरामपूर काही बेलापूर झाले नाही. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पण कोणाचे शेत बांधापलीकडे सरकले नाही.

बरे, शरीर म्हणजे मी म्हणावे, तर पाळण्यातले तान्हे आणि साठीची आजी यांत सारखे ते काय? प्रवरेचे पाणी रोज नवे, तरी प्रवरा तीच. तसेच माणसाचे. इंग्लंडातील जॉन लॉक या तत्त्ववेत्त्याने १६९४ साली लिहिले, की जेथवर आपली आठवण पोचते तेथवर आपण तेच.

याचे उदाहरण दूर शोधायला नको. शेजारच्या राहुरीत काही काळ राहून गेलेल्या लक्ष्मीबाई टिळक घ्या. १८६८ साली जन्मलेली मनकर्णिका गोखले लग्नानंतर लक्ष्मी टिळक झाली. घरात सोवळे कडक. १८९५ साली पती रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले. पुढे पाच वर्षांनी, मनाशी झगडून, त्याही झाल्या. नाव बदलले, धर्म बदलला, पंगत बदलली. तरी ‘स्मृतिचित्रे’ वाचताना सोवळ्यातली ती पोर आणि लिहिणारी म्हातारी एकच, असे आपण बिनदिक्कत म्हणतो. स्मृतीचा धागा तुटला नाही.

पण कोणी विचारील, ज्या सासूबाईंना उतारवयात स्वतःचे नावही आठवत नाही, त्या कोण? त्याही त्याच. त्यांचा धागा तेव्हा आपल्या हातात असतो. त्यांना भाकरी कशी आवडते, त्या कोणत्या गावच्या लेकी, हे आपण लक्षात ठेवायचे. माणसाचे ‘मीपण’ थोडे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे, आप्तांकडेही ठेवलेले असते.

हा नुसता वेदान्त नव्हे, भगिनींनो. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला. तो मागायला गेले, की शाळेच्या दाखल्यावरची यमू आणि आधार कार्डावरची सुमती एकच, हे तिलाच शाबीत करावे लागते. भावाला कोणी विचारत नाही, तू तोच का? लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. उलट १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा नियम आपल्या राज्यात झाला आहे.

म्हणून माझी दोन मागणी. लेकीसुनेला विचारल्यावाचून तिचे नाव बदलू नये. आणि मंडळाच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे तिचे माहेरचे नाव व गाव लिहावे. पुढेमागे जिला आठवणार नाही, तिच्यासाठी ती वही बोलेल.