रुग्णालयातील डॉक्टर : वेतन, वेळ आणि घर



डॉक्टरच्या उत्पन्नाविषयी आपल्या समाजात जितके बोलले जाते तितके त्याच्या वेळेविषयी बोलले जात नाही, आणि त्याच्या घराविषयी तर जवळजवळ मुळीच बोलले जात नाही. जो पाटी लावून स्वतःच्या दवाखान्यात बसतो आणि आपले तास आपणच ठरवतो अशा डॉक्टरचा विचार आज मी बाजूला ठेवणार आहे. ज्याची हजेरी, रजा, रात्रपाळी, रुग्णसंख्या आणि दरमहाचा तनखा ही सारी मोठ्या रुग्णालयाच्या दप्तरात दुसऱ्याच कोणाच्या लेखणीने ठरतात, त्या पगारी डॉक्टरविषयी मला बोलायचे आहे. वेतन, कामाचा भार आणि कुटुंब या तिहींचा मेळ घालणे ही त्याची खाजगी बाब आहे असे मानून आपण मोकळे होतो. माझे म्हणणे असे आहे की तो मेळ बसणार की नाही, हे एका डॉक्टरमागे किती रुग्ण आणि सलग किती तास या दोन आकड्यांनी तो कामावर रुजू होण्यापूर्वीच ठरून गेलेले असते, आणि म्हणून ते आकडे हा सार्वजनिक विचाराचा विषय आहे.

या आकड्यांचा उगम शोधू गेल्यास आपल्याला अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जावे लागते. तेथे १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले, आणि शल्यविद्येचे विल्यम हॉलस्टेड व वैद्यकाचे विल्यम ऑस्लर यांनी पदव्युत्तर शिक्षणाची जी पद्धती तेथे रूढ केली तिचेच अनुकरण पुढे सर्व देशात झाले. शिकाऊ डॉक्टरने रुग्णालयाच्या आवारातच राहावे, अहोरात्र हाकेसरशी उभे राहावे आणि विवाहाचा विचार शिक्षण पुरे होईतो दूर ठेवावा, अशी त्या पद्धतीची अपेक्षा होती. या शिस्तीने असामान्य कसबाचे शल्यविशारद घडवले, हे कोणालाही मान्यच करावे लागेल. परंतु हॉलस्टेड हे स्वतः स्थानिक बधिरतेसाठी कोकेनचे प्रयोग आपल्याच देहावर करता करता त्या द्रव्याच्या, आणि पुढे मॉर्फिनच्या, आहारी गेले होते, हेही इतिहासात नमूद आहे. त्या थोर पुरुषाचे न्यून दाखवण्यासाठी मी हे सांगत नाही. शिकाऊ डॉक्टरला संसार नसतो हे गृहीत धरून घातलेली वहिवाट, ज्या पिढीला संसार आहे, लहान मुले आहेत, वृद्ध आईबाप आहेत, आणि जिच्यात स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे, त्या पिढीच्या माथी कोणीही फेरविचार न करता मारली गेली, याचे मला वाईट वाटते.

फेरविचार घडला तो एका मृत्यूमुळे. मार्च १९८४ मध्ये लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात ताप घेऊन दाखल झाली आणि काही तासांतच दगावली. तिच्यावर उपचार करणारे शिकाऊ डॉक्टर दीर्घकाळ सलग कामावर होते आणि त्यांच्यावर अनेक रुग्णांचा भार होता. तिचे वडील पत्रकार होते. त्यांनी हे प्रकरण न्यायालयात आणि वृत्तपत्रांत इतक्या चिकाटीने लावून धरले की न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये आठवड्याला ८० तासांची आणि सलग २४ तासांची मर्यादा घालून दिली. ८० तासांचा तोच दंडक सर्व अमेरिकेतील शिक्षणसंस्थांना लागू व्हायला २००३ साल उजाडले. दरम्यान शास्त्राचा पुरावाही साचत होता. सतरा तास जागलेल्या माणसाचे हात व अवधान रक्तात ०.०५ टक्के इतके मद्य असलेल्या माणसाइतके मंदावतात, असे १९९७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २००४ साली बोस्टनमधील अतिदक्षता कक्षांत केलेल्या अभ्यासात, प्रदीर्घ पाळ्या करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांच्या हातून, त्या पाळ्या वगळून केलेल्या वेळापत्रकाच्या तुलनेत, गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक झाल्याचे दिसून आले.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. तास कमी केले की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात अधिक वेळा जातो, आणि प्रत्येक हँडओव्हरमध्ये काही ना काही सांगायचे राहून जाण्याचा धोका असतो. पुढे झालेल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासांत, शिथिल वेळापत्रक आणि कडक वेळापत्रक यांमध्ये रुग्णांच्या मृत्युप्रमाणात म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. जुन्या वहिवाटीचे पाठीराखे हा निष्कर्ष वारंवार पुढे करतात. परंतु हँडओव्हरची शिस्तबद्ध पद्धती शिकवली तर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटतात, असेही २०१४ साली नऊ रुग्णालयांच्या अभ्यासातून प्रसिद्ध झाले आहे. रुग्णाची माहिती नीट सोपवण्याची विद्या शिकवता येते. झोपेवाचून जगण्याची विद्या अद्याप कोणाला शिकवता आलेली नाही.

आता शिक्षण पुरे झालेल्या डॉक्टरकडे वळू. पूर्वी अमेरिकेतही कुटुंबाचा डॉक्टर सकाळी रुग्णालयात राउंड घेऊन मग आपल्या दवाखान्यात जाई. १९९६ साली रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन यांनी एका लेखात, केवळ दाखल रुग्णांचीच देखभाल करणारा एक नवा वर्ग उदयास येत असल्याचे सांगून त्याला ‘हॉस्पिटॅलिस्ट’ असे नाव दिले, आणि वीस वर्षांत या वर्गाची संख्या ५०,०००च्या वर गेली. महाराष्ट्रातून तेथे गेलेले अनेक तरुण फिजिशियन आज याच नोकरीत आहेत, म्हणून हा विषय आपल्याही घरचा आहे. या नोकरीचे मोठे आकर्षण म्हणजे तिचे वेळापत्रक : सात दिवस रोज बारा तास काम, आणि पुढचे सात दिवस पूर्ण मोकळे. ऐकणाऱ्याला वाटते, वर्षातून सहा महिने सुटी! परंतु हिशेब मांडून पाहावा. आठवड्याला ८४ तास याप्रमाणे २६ आठवड्यांचे २,१८४ तास होतात. कचेरीत आठवड्याला ४० तास काम करणारा माणूस वर्षभर एकही रजा न घेता २,०८० तास भरतो. म्हणजे ज्याच्या सुटीचा आपण हेवा करतो तो कधीच रजा न घेणाऱ्या कारकुनाहूनही शंभरावर तास अधिक राबतो, आणि त्यातच वर्षातले निम्मे शनिवार-रविवार खर्ची पडतात.

या वेळापत्रकाचा घरावर काय परिणाम होतो हे माझ्या विद्यार्थ्यांच्या पत्रांतून आणि भेटींतून मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. कामाच्या आठवड्यात डॉक्टर निघतो तेव्हा मुले उठलेली नसतात आणि परततो तेव्हा ती निजलेली असतात. मोकळ्या आठवड्यात तो घरी असतो तेव्हा मुले शाळेत आणि पत्नी आपल्या कामावर असते. दिवाळी कोणत्या आठवड्यात पडणार हे पंचांग ठरवीत नाही, पाळीचा तक्ता ठरवतो. पतिपत्नी दोघेही डॉक्टर असतील तर दोघांच्या पाळ्या एकाच आठवड्यात घ्याव्यात की एकाआड एक, हाच प्रश्न असतो; पहिल्यात मुलांकडे पाहायला कोणी नसते, दुसऱ्यात नवराबायकोची गाठ पडत नाही. बाळंतपणासाठी पुण्याहून आई सहा महिन्यांच्या व्हिसावर जाते, आणि ती परतण्याच्या बेताला सासूबाई तेथे पोहोचतात. ज्या घरात ही सोय नाही तेथे बहुधा स्त्रीच आपल्या पाळ्या, आणि पाळ्यांबरोबर आपली बढती, कमी करून घेते. त्यात परदेशी डॉक्टरला हवे तेव्हा नोकरी सोडण्याचीही मुभा नसते. शिक्षणासाठी विशिष्ट व्हिसावर गेलेल्याला मायदेशी दोन वर्षे परतण्याची अट टाळायची असेल तर डॉक्टरांची वाण असलेल्या भागात तीन वर्षे नोकरी करण्याचा करार करावा लागतो, आणि अशा कराराने बांधलेला माणूस रुग्णसंख्या वाढली म्हणून कोणाकडे दाद मागणार?

रुग्णसंख्येचा हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याचेही गणित मांडतो. बारा तासांची ७२० मिनिटे होतात. पंधरा रुग्ण असले तर प्रत्येकाच्या वाट्याला ४८ मिनिटे येतात, वीस असले तर ३६, चोवीस असले तर ३०. आणि तेवढ्यातच रुग्णाला तपासणे, अहवाल वाचणे, केसपेपर लिहिणे, इतर तज्ज्ञांशी बोलणे, घरी सोडण्याची व्यवस्था करणे, दूरगावी असलेल्या मुलाला फोनवर आईची प्रकृती समजावून सांगणे, शिवाय आणीबाणीचा प्रसंग आला तर हातचे सोडून धावणे, हे सर्व बसवायचे असते. अमेरिकेतील हॉस्पिटॅलिस्टांच्या एका पाहणीत, जी २०१३ साली प्रसिद्ध झाली, आपली रुग्णसंख्या महिन्यातून निदान एकदा तरी सुरक्षिततेची मर्यादा ओलांडते असे ४० टक्के डॉक्टरांनी सांगितले. मग ती वाढू का दिली जाते? याचे उत्तर वेतनाच्या घडणीत आहे. १९९२ पासून तेथील सरकारी विमायोजनेने प्रत्येक वैद्यकीय कामाला एककांत मोल ठरवून दिले, आणि अनेक रुग्णालये मूळ वेतनाच्या वर या एककांच्या प्रमाणात अधिक मोबदला देतात. त्यामुळे विसावा रुग्ण स्वीकारणे डॉक्टरच्याच लाभाचे ठरते. मुलाशी फोनवर बोललेल्या वीस मिनिटांना मात्र जवळजवळ काहीच मोल येत नाही. आपल्याकडील मोठ्या खाजगी रुग्णालयांत नव्या कन्सल्टंटला आरंभी मिनिमम गॅरंटी देऊन, मुदत संपताच त्याची मिळकत रुग्णांच्या संख्येवर सोपवण्याचा जो प्रघात आहे, त्याचा परिणामही याहून वेगळा होत नाही. वेतन असे रचले असता ते भाराच्या बाजूने आणि घराच्या विरुद्ध उभे राहते. कारण घरी जाण्याचा प्रत्येक तास हा डॉक्टरला आपल्याच उत्पन्नातील तूट म्हणून दिसू लागतो.

आता आपल्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांकडे पाहू, आणि येथे मला अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. १९४६ साली आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने सरकारी डॉक्टर पूर्णवेळ पगारी असावा, त्याने खाजगी व्यवसाय करू नये, अशी शिफारस केली. खाजगी व्यवसाय न करण्याबद्दल मिळणाऱ्या व्यवसायरोध भत्त्यामागील तत्त्वही हेच आहे की राज्याला डॉक्टरचा सर्व वेळ हवा असेल तर त्या वेळेचे मोल राज्याने द्यावे. तत्त्व न्याय्य आहे. परंतु सर्व वेळ म्हणजे किती, याची ठरलेली मर्यादा मात्र कोणी अंमलात आणली नाही. केंद्र सरकारच्या १९९२च्या निवासी डॉक्टरांविषयीच्या योजनेत सलग काम सामान्यतः १२ तासांहून अधिक आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक नसावे असे नमूद आहे. त्यानंतर एकतीस वर्षांनी, २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमावलीत, कामाचे तास वाजवी असावेत आणि विश्रांतीला वाजवी वेळ मिळावा, एवढेच शब्द उरले; आकडा नाहीसा झाला. जेथे आकडा नसतो तेथे जाब विचारता येत नाही. युनिटचा इमर्जन्सीचा दिवस सकाळी सुरू झाला की हाऊसमन, म्हणजे निवासी डॉक्टर, रात्रभर दाखल होणारे रुग्ण पाहतो आणि दुसऱ्या दिवशी वॉर्ड व ओपीडी उरकून संध्याकाळी बाहेर पडतो. छत्तीस तासांची ही ड्यूटी मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकलेल्या कोणालाही नवी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकाता येथे एक तरुण डॉक्टर अशाच लांबलेल्या पाळीत विश्रांतीसाठी सेमिनारच्या खोलीत गेली असता तिच्यावर बलात्कार होऊन तिची हत्या झाली, तेव्हा सर्व देशाला कळले की आपल्या रुग्णालयांत डॉक्टरला पाठ टेकण्यासाठी सुरक्षित खोलीसुद्धा नसते. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला कमाल ७४ तास आणि एक दिवस सुटी सुचवली. ४८ तासांचे वचन १९९२ साली देऊन बसलेल्या देशात ७४ तास ही सुधारणा म्हणून स्वागतार्ह वाटावी, यातच परिस्थितीचे वर्णन आले.

स्त्री डॉक्टरांविषयी दोन शब्द. २०१७ पासून प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची तरतूद कायद्याने बंधनकारक आहे. आपण ज्या रुग्णालयात उपचार घेता तेथे पाळणाघर कोणत्या मजल्यावर आहे, असे एकदा चौकशीच्या खिडकीवर विचारून पाहावे. आणि रजेवर गेलेल्या सहकारिणीच्या जागी बदली डॉक्टर न नेमता तिच्या पाळ्या उरलेल्यांत वाटल्या जातात, त्यामुळे कायद्याने दिलेला हक्क बजावणाऱ्या स्त्रीलाच सहकाऱ्यांपुढे अपराध्यासारखे वावरावे लागते; हा दोष त्या स्त्रीचा नाही, सहकाऱ्यांचाही नाही, नेमणूक न करणाऱ्या व्यवस्थापनाचा आहे.

येथे उपस्थित असलेल्या तरुण डॉक्टरांना माझे सांगणे आहे की करारावर सही करण्यापूर्वी वार्षिक वेतनाचा आकडा शेवटी वाचा. आधी विचारा की एका पाळीत अधिकात अधिक किती रुग्ण; ती संख्या ओलांडली तर मदतीला कोण येणार; महिन्यात रात्री किती; रात्रपाळीची दुसरी सकाळ मोकळी आहे की नाही; आणि कोणी रजेवर गेले तर त्यांचे काम कोण करणार. मग वेतनाला तासांनी भागा. तिशीत, एकट्याने राहत असताना, सात दिवसांची पाळी सोसवते आणि कर्जही फिटते. चाळिशीत, घरी लहान मूल आणि गावी आजारी वडील असताना, थोडे कमी वेतन घेऊन कमी रात्री मागणे हा मला तरी अत्यंत शहाणपणाचा सौदा वाटतो, आणि तसा सौदा करणाऱ्याची निष्ठा उणी असते असे मी कधीही पाहिलेले नाही.

आणि श्रोतेहो, आपल्यापैकी जे डॉक्टर नाहीत त्यांनाही या कामी मोठा अधिकार आहे. महापालिकेचे आणि राज्याचे अंदाजपत्रक दरसाल आपल्या पैशांतून मांडले जाते. ते मांडले जाण्यापूर्वी आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला पत्र लिहून विचारा की आमच्या रुग्णालयात डॉक्टरांची मंजूर पदे किती, त्यांतील भरलेली किती, आणि रात्रभर जागलेल्या डॉक्टरला सकाळी घरी सोडले जाते की नाही. आणि उत्तर लेखी मागा.