लोडर उचलेना? आधी पंपाचं बिल करू नका



ज्या गटांकडे अवजारे बँक आहे त्यांच्यासाठी मी आज बोलणार आहे. बाकीच्यांनीही ऐका, कारण ट्रॅक्टर गटाचा असला की खर्चाच्या ठरावावर सही सगळ्यांचीच लागते.

जुना छोटा ट्रॅक्टर, पुढं लोडर. उकिरड्यातलं शेणखत ट्रॉलीत भरायला फार कामाचा. एक दिवस बकेट अर्ध्यावरच थांबते आणि कुणीतरी म्हणतं, "पंप गेला." पंप बदलणं हे सगळ्यात महागातलं काम. त्याआधी बघायच्या बऱ्याच गोष्टींना पैसाच लागत नाही.

आधी ऑइल. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, मगच काडी बघा. बकेट वर असेल तर ऑइल जॅकमध्ये गेलेलं असतं, काडी कमीच दाखवणार. ऑइलला फेस आलाय, पंप कण्हतोय, म्हणजे तो हवा ओढतोय. ऑइल कमी असेल, नाहीतर पंपाकडे येणाऱ्या पाइपाची क्लिप सैल असेल. फेस नाही पण पंप कण्हतोच, तर फिल्टर तुंबलाय का बघा. आणि ट्रॅक्टर उभा ठेवूनही ऑइल दुधासारखं पांढरट राहिलं, तर त्यात पाणी शिरलंय. ते बदलावंच लागतं.

मग मागची लिफ्ट उचलून बघा. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांत लिफ्टला आणि लोडरला पंप एकच असतो. दोन्ही मंद असतील तर दोष ऑइल, फिल्टर किंवा पंपात. लिफ्ट झटक्यात उठते आणि लोडरच रडतो, तर पंपाला कशाला दोष द्यायचा? लोडरचे पाइप बघा. बकेट वर जाते पण खाली येत नाही, तर कपलर पुरता बसलेला नसतो, पुष्कळदा तेवढंच असतं.

उचललेली बकेट आपोआप खाली सरकत असेल, तर जॅकच्या आतलं सील गेलंय किंवा लिव्हरखालचा व्हॉल्व्ह झिजलाय. पंपाचा इथं काही संबंध नाही.

कुणी म्हणेल, रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू थोडा आवळा, ताकद येईल. अजिबात आवळू द्यायचा नाही. जुने पाइप फुटतात.

आता हाताची गोष्ट. पाइपाला सुईएवढं भोक असलं तरी त्यातून ऑइल इतक्या जोरात येतं की कातडीतून आत घुसतं. गळती हातानं चाचपू नका, लांब पुठ्ठा धरा, डाग कुठं पडतो ते बघा. ऑइल घुसलंच, तर जखम काट्याएवढी दिसते, दुखतही नाही फारसं. तरी हळद लावून घरी बसायचं नाही. लगेच मोठ्या दवाखान्यात, कारण उशीर झाला तर बोट, हातही जाऊ शकतो. पाइप सोडण्याआधी बकेट खाली, इंजिन बंद, आणि लिव्हर दोन-चार वेळा इकडंतिकडं हलवून आतला दाब सोडायचा. उचललेल्या बकेटीखाली कुणीच जायचं नाही, पोरं तर नाहीच.

ऑइल भरलेलं, फिल्टर नवा, फेस नाही, मागची लिफ्टही मंद, आणि इंजिन तापल्यावर आणखीच मंद, मग मात्र पंपावर संशय घ्या. तेव्हाही मिस्त्रीला म्हणा, "दादा, आधी गेज लावून दाब मोजा." तो आकडा अवजारे बँकेच्या वहीत लिहून घ्या, मगच पंपाचा ठराव मांडा.