शिकावे उघडपणे, घ्यावे विचारून



अंबाबाईच्या या करवीर नगरीत, राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात, स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेली मंडळी इथे बसली आहेत. बेळगाव आणि गोव्यातून शेजारधर्माने आलेले स्नेही आहेत. पहिल्यांदाच अशा अधिवेशनाला आलेल्या अनेक तरुण उद्योजिका आहेत. आपल्या येण्याने कोल्हापूरकरांचा आनंद दुणावला आहे.

‘व्यवसायातील ज्ञान : जतन, हक्क आणि नीती’ हा विषय या अधिवेशनासाठी ठरला, तेव्हा तो कोल्हापुरातच चर्चिला जावा असा आग्रह आम्ही धरला. त्यामागे या शहराचा इतिहास आहे. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवून गुळाला बाजारपेठ दिली, १९०६ साली शाहू मिलचा पाया घातला. पुढे उद्यमनगरातल्या कारागीरांनी बिघडलेली यंत्रे दुरुस्त करता करता यंत्रविद्या आत्मसात केली. त्यातून ऑइल इंजिने घडली, शेतकऱ्यांच्या विहिरींवर ती धडधडू लागली, आणि त्या हुन्नरातूनच आजच्या फाउंड्री उभ्या राहिल्या. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतींतून निघालेली कास्टिंग आज देशोदेशींच्या वाहनांत बसलेली आहेत.

म्हणजे हे शहर दुसऱ्याकडून शिकत मोठे झाले. याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. बाजारातून रीतसर विकत घेतलेले यंत्र उघडून पाहणे, त्याची रचना समजून घेणे, त्याहून चांगले बनवण्याची खटपट करणे यात गैर काहीच नाही. त्यावर पेटंट किंवा नोंदलेले डिझाइन असेल तर परवानगीशिवाय तसेच बनवून विकता येत नाही, आणि दुसऱ्याचे नाव तर कधीच लावता येत नाही. या मर्यादेत राहून शिकणारा कारखानदार आणि रात्री कपाटातून दुसऱ्याचे ड्रॉइंग उचलणारा माणूस यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिला उघडपणे शिकतो, दुसरा विश्वास मोडतो. या दोन दिवसांतल्या सगळ्या चर्चेचा गाभा मला या फरकात दिसतो.

या शहराचे नाव ज्या वस्तूने जगभर नेले, त्या कोल्हापुरी चपलेपासूनच सुरुवात करतो. शाहू महाराजांनी या व्यवसायाला आधार दिला. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांतल्या कारागीरांचा तो सामायिक हक्क आहे. दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे त्याची नोंद आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने याच वळणाच्या चपला मांडल्या. ना कोल्हापूरचा उल्लेख, ना कारागीरांचा. महाराष्ट्रातून आवाज उठला, तेव्हा कंपनीने भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, पण ती टिकली नाही; दाद मागायची तर मानांकनाच्या नोंदणीकृत धारकांनी मागावी, असा न्यायालयाचा रोख होता. पुढे कंपनीचे पथक कोल्हापुरात आले, कारागीरांना भेटले, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही महामंडळांशी करार झाला.

या प्रकरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. भौगोलिक मानांकन मुख्यतः नावाचे रक्षण करते. मिलानमध्ये ‘कोल्हापुरी’ हे नाव वापरलेच नव्हते, त्यामुळे कायद्याचा हात तिथे तोकडा पडला. काम केले ते लोकलज्जेने, म्हणजे नीतीच्या दडपणाने. दुसरी गोष्ट आपल्या घरची आहे. आपल्याच बाजारपेठांत रेक्झिनच्या, यंत्रावर कापलेल्या चपला ‘कोल्हापुरी’ म्हणून विकल्या जातात. मिलानवर रागावलेल्या प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या दुकानातही तोच प्रश्न विचारला पाहिजे. कातडे कमावणारा, वेणी घालणारा, टाचेला शिलाई मारणारा कारागीर दोन्हीकडे सारखाच नागवला जातो.

आता शेजारच्या सांगलीच्या हळदीकडे वळू. हळदीने जखम भरते हे आपल्या आजीला ठाऊक होते. तरीही १९९५ साली अमेरिकेत त्याच गुणावर पेटंट दिले गेले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. ही लढाई कशाच्या बळावर जिंकली? संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले आणि १९५३ सालच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातले छापील पुरावे तिथे मांडता आले म्हणून. आजीचा अनुभव खरा होता, पण परक्या कार्यालयात कागद बोलला. पुढे २००१ साली पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय सुरू झाले, ते याच अनुभवातून.

आपल्या कारखान्यांना हा धडा जसाच्या तसा लागू आहे. चार्जमध्ये भंगार किती, पिग आयर्न किती, इनॉक्युलंट केव्हा टाकायचा, रायझर कुठे दिला म्हणजे ब्लो-होल येत नाही, हे सगळे अजूनही अनेक ठिकाणी एका मिस्त्रींच्या डोक्यात असते. मिस्त्री निवृत्त झाले की रिजेक्शन वाढते आणि मग धावपळ सुरू होते. जे कुठे लिहिलेलेच नाही ते आपले होते, असे उद्या न्यायालयात कसे सिद्ध करणार? तेव्हा ज्ञानाचे रक्षण पहिल्यांदा वहीत होते. प्रत्येक कामाचे मेथड कार्ड लिहा, तारीख घाला, ज्याने युक्ती शोधली त्याचे नाव घाला, आणि ती वही कोण पाहू शकतो हे ठरवून ठेवा.

हे शेवटचे ठरवणे कायद्याच्या दृष्टीनेही मोलाचे आहे. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा अजून नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९व्या अहवालात त्याची शिफारस केली आणि विधेयकाचा मसुदाही जोडला. तोवर करार आणि विश्वासभंगाची तत्त्वे यांच्या आधारे न्यायालये संरक्षण देतात. जागतिक व्यापार संघटनेच्या करारातल्या कसोट्या सोप्या आहेत : माहिती खरोखर गुप्त हवी, गुप्त असल्यामुळे तिला बाजारात किंमत हवी, आणि ती गुप्त राहावी म्हणून मालकाने वाजवी काळजी घेतलेली हवी. जी माहिती कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसभर फिरते, ती गुपित आहे असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

लहान माणसाला कायदा साथ देतो, हेही आवर्जून सांगतो. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका छोट्या निर्मितीसंस्थेचे प्रकरण आले होते. तिने दूरचित्रवाणी मालिकेची कल्पना तपशिलात लिहून झी वाहिनीला विश्वासाने सांगितली होती, आणि पुढे त्याच धर्तीची मालिका वाहिनीकडून येऊ घातली. न्यायालयाने त्या छोट्या संस्थेला संरक्षण दिले. मोठ्या ग्राहकापुढे आपली युक्ती मांडणाऱ्या प्रत्येक लघुउद्योजकाने हा निकाल लक्षात ठेवावा. काय सांगितले, कधी सांगितले, कोणत्या विश्वासाने सांगितले, याची नोंद हवी.

ड्रॉइंगबद्दल एक-दोन बारकावे माहीत नसल्यामुळे अनेकांचे नुकसान होते. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून काढलेल्या ड्रॉइंगचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. बाहेरच्या डिझायनरला पैसे देऊन काढून घेतलेल्या ड्रॉइंगचा मात्र साधारणपणे त्या डिझायनरकडेच राहतो. तो लेखी करारानेच आपल्याकडे येतो आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. त्याहून मोठा खड्डा पुढे आहे. नोंदवता येण्याजोगे डिझाइन नोंदवले नाही आणि त्या वस्तूचे पन्नासपेक्षा जास्त नग औद्योगिक पद्धतीने निघाले, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. फाउंड्रीत पन्नास नग एका शिफ्टमध्ये निघतात. म्हणून वस्तू बाजारात आणण्याआधी डिझाइन नोंदवा. नोंदणीने दहा वर्षे मिळतात, नूतनीकरणाने आणखी पाच. पेटंटला वीस वर्षे मिळतात, पण त्यासाठी शोध जगापुढे उघड करावा लागतो. काय उघड करायचे आणि काय कपाटात ठेवायचे, याचा निर्णय धंद्याच्या सुरुवातीलाच घ्यायला हवा.

आता माझ्या मते सर्वांत नाजूक विषय : आपले कामगार. ‘नोकरी सोडलीस तर पाच वर्षे या धंद्यात पाऊल ठेवायचे नाही’ असे लिहून घेणारे मालक आजही आहेत. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ असे बंधन मानत नाही. नोकरी चालू असताना गुप्तता पाळावी आणि करार मोडून प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सेंच्युरी स्पिनिंग कंपनीच्या खटल्यात मान्य केले. मात्र करार संपल्यावर माणसाला बांधून ठेवता येत नाही, हे २००६ साली आपल्या श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खान यांच्या प्रकरणात पुन्हा स्पष्ट झाले. कायदा इथे न्यायाच्या बाजूने उभा आहे असे मी मनापासून मानतो. वीस वर्षांत बोटांत मुरलेला हुन्नर कामगाराचा स्वतःचा आहे, तो त्याच्या पोराबाळांची भाकरी आहे. ग्राहकाचे ड्रॉइंग, ठरलेले दर आणि मेथड कार्डांची वही मात्र कारखान्याची आहे. ही रेषा नोकरीच्या पहिल्या दिवशी, मराठीत, समजावून सांगितली पाहिजे. आणि कामगाराने युक्ती शोधली तर त्याचे नाव आणि त्याचा वाटा त्याला मिळालाच पाहिजे. पेटंटच्या अर्जात खऱ्या संशोधकाचे नाव देण्याची जी शिस्त आहे, ती आपल्या कारखान्यातल्या छोट्या सुधारणेलाही लागू व्हावी.

गुप्ततेलाही मर्यादा आहे. नदीत सोडलेले पाणी, भट्टीजवळची असुरक्षित जागा, सदोष सुटा भाग यांवर गुपिताचे पांघरूण घालता येणार नाही. असा धोका उघड करणाऱ्या कामगाराला विश्वासघातकी म्हणणे हाच खरा अन्याय ठरेल. विधी आयोगाच्या मसुद्यातही लोकहितासाठी बोलणाऱ्यांना संरक्षण सुचवले आहे, याचे आपण स्वागत करावे.

मित्रहो, आपण बहुतेक जण जॉबवर्क करतो. आपल्या रॅकवर दहा कंपन्यांचे पॅटर्न शेजारी शेजारी ठेवलेले असतात. एकाचे दुसऱ्याला दाखवणार नाही, या भरवशावर ते आपल्याकडे आले आहेत. हा भरवसा हे या वसाहतींचे खरे भांडवल आहे. ज्याला स्वतःची युक्ती जपावीशी वाटते, त्याने आधी दुसऱ्याची जपली पाहिजे. आज तर ग्राहकाचे ड्रॉइंग मोबाइलवरच्या एखाद्या एआय साधनात टाकायला क्षणही लागत नाही. ते तिथून कुठे जाते हे आपल्या हातात राहत नाही, म्हणून त्यालाही ग्राहकाची परवानगी हवी.

स्वागताध्यक्ष म्हणून या अधिवेशनापुढे मी एक विनंती ठेवतो. उद्याच्या समारोपात आपण चार कलमांची साधी आचारसंहिता स्वीकारावी. ग्राहकाचे ड्रॉइंग त्याच्या लेखी परवानगीशिवाय कोणाला दाखवणार नाही. दुसऱ्याच्या कारखान्यातून आलेल्या माणसाकडे त्याचे कागद किंवा पेन ड्राइव्ह मागणार नाही, त्याने आपण होऊन दिले तरी घेणार नाही. ज्याने युक्ती शोधली त्याचे नाव वहीत लिहीन आणि लाभात त्याला वाटा देईन. आणि जिथे जीवाला धोका आहे तिथे गुपित सांगून गप्प बसणार नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या औद्योगिक संघटनेने नोंदणीसाठी एक सल्लाकेंद्र उघडावे, अशीही सूचना करतो. लघुउद्योगांना पेटंट आणि ट्रेडमार्कच्या शुल्कात सवलत आहे, ती घेणारे मात्र अजून थोडे आहेत. चपलेच्या कारागीरांना मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदवून घेण्याच्या कामात कोल्हापूरच्या उद्योजकांनी पुढाकार घ्यावा. आम्ही तो घेऊ, असा शब्द मी स्वागत समितीच्या वतीने देतो.

निवास-भोजनात काही उणे राहिले तर कृपया आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. तांबडा-पांढरा चाखल्याशिवाय आणि अंबाबाईचे दर्शन घेतल्याशिवाय कोणी परतू नये.

संमेलनाध्यक्षांना विनंती करतो की त्यांनी या विचारमंथनाची सूत्रे हाती घ्यावीत. उद्या आपण मंजूर कराल ती आचारसंहिता पहिल्या सहीने स्वीकारायला कोल्हापूरचे उद्योजक तयार आहेत. आपणा सर्वांचे पुन्हा एकदा स्वागत.

जय हिंद, जय महाराष्ट्र!