हप्त्याचे पुरुमेंत

मला विषय दिला आहे 'पैशाची चिंता आणि घरचा हिशेब'. विषय मोठा आणि मिनिटे मोजकी, म्हणून सगळे सांगण्याच्या भानगडीत मी पडत नाही. एकच गोष्ट सांगणार आहे, आणि ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे. रेडिओ ऐकताना कुणी मासळी साफ करत असते, कुणी गाडी चालवत असते, आणि नेमके कामाचे वाक्य निसटते. तर ते वाक्य आधी ऐका: हप्त्याला पावसाळा नसतो.

गोव्यातल्या डिचोली आणि पेडणे या आपल्या दोन तालुक्यांची कमाई कशी आहे बघा. डिचोलीत खनिजाचे टिपर पाऊस सुरू झाला की उभे राहतात, मांडवीतल्या बार्ज बांधून ठेवतात. पेडण्यात मोरजी, मांदे, हरमल, केरीचे शॅक मे महिन्याच्या अखेरीस मोडायचे, गिऱ्हाईक पातळ झाले की टॅक्सीवाला झाडाखाली पत्ते खेळत बसणार. काजूचे म्हणाल तर फेब्रुवारी ते मे, संपला हंगाम. म्हणजे मिळकत आठ महिन्यांची. आणि बँकेचा हप्ता? तो बाराही महिने, ठरल्या तारखेला. त्याला छत्री लागत नाही. त्यात गणपतीची चवथ येते नेमकी पावसाच्या उरलेल्या चार महिन्यांत. माटोळी, नेवऱ्या, नवे कपडे, मुंबईहून येणारी माणसे. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्चही पावसाच्या तोंडावर. आवक नाही तेव्हाच जावक जास्त. मग ऑगस्टमध्ये नवरा घरात कुणाशी बोलत नाही, बायको देवाला नवस बोलते, आणि मंगळसूत्र गहाणवटीच्या दुकानात जाते. याला आपण नशीब म्हणतो. मी म्हणते, हे कॅलेंडर आहे. पावसाळा येणार हे जानेवारीतही माहीत असते.

आणि माहीत नाही असे कसे म्हणणार? आपल्या घरात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, करतात ना? मे महिन्यात डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात नाहीतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाऊन तुम्हीच मिरच्या, कांदे, सुकी सुंगटे, खारे बांगडे आणता ना? सोलां वाळवून बरणीत भरता, उकडे तांदूळ भरून ठेवता, लाकडे पावसाआधी आत घेता. पावसात ताजी मासळी मिळणार नाही, हे आपल्या आजीला कळत होते, आणि तिने कुठल्या बँकेचे सेमिनार ऐकले नव्हते. मग सुंगटांचे पुरुमेंत करणारे आपण, हप्त्याचे पुरुमेंत का करत नाही?

हिशेब सोपा आहे, कागद घ्या. समजा गाडीचा हप्ता महिन्याला 18,000 रुपये. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, चार महिन्यांचे झाले 72,000. हे 72,000 कमाईच्या आठ महिन्यांत वाटा, म्हणजे महिन्याला 9,000. तेव्हा तुमचा खरा हप्ता 18,000 नव्हेच. तो 27,000 आहे. दीडपट. नीट ऐका, कारण शोरूममधला मुलगा हे सांगणार नाही, बँकेचा माणूसही सांगणार नाही. हंगामी कमाईच्या माणसाचा हप्ता कागदावर असतो त्याच्या दीडपट असतो. जानेवारीच्या भर हंगामात 27,000 बाजूला काढणे जमत नसेल, तर ती गाडी तुमच्या आवाक्यातली नाही. लहान घ्या, जुनी घ्या, एक वर्ष थांबा.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही पावसाळ्याचे सांगता, आमच्यावर तर आभाळच कोसळले होते. बरोबर आहे. सप्टेंबर 2012 मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला आणि राज्य सरकारने खाणी थांबवल्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. 21 एप्रिल 2014 ला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून न्यायालयाने वाट मोकळी केली. लोकांना वाटले, सुटलो. 7 फेब्रुवारी 2018 ला 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यावर टिपर पुन्हा उभे. पाळी, वेळगे, सुर्ला, पिळगाव, शिरगाव, या गावांत टिपरच्या चाकांखाली गवत वाढलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहे. चार महिन्यांचे पुरुमेंत इतक्या वर्षांना पुरले असते असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे त्या घरांची थट्टा होईल.

पण चार महिने हप्ता भरायची सोय असेल, तर विचार करायला चार महिने मिळतात. एवढेच, आणि तेवढे पुष्कळ असते. ज्याच्याकडे काही नाही त्याला पहिल्याच महिन्यात निर्णय घ्यावा लागतो, तोही घाबरून. शेजारीपाजारी सगळ्यांनी एकदम गाड्या विकायला काढल्या की भाव कुठे जातो, हे डिचोलीकरांना मी काय सांगू? सरकारने 2014 मध्ये खाणग्रस्त कर्जदारांसाठी सवलत योजना काढली. अशा योजनेचा फायदा घ्यायला कर्जाचे कागद, हप्त्यांच्या पावत्या, खात्याचा उतारा हातात लागतो. आणि आमच्याकडे हे कागद कुठे असतात? टिपरच्या डॅशबोर्डमध्ये, अगरबत्तीच्या पुड्याशेजारी. डिचोलीच्या खाणपट्ट्याचा लिलाव 2022 मध्ये झाला, 2024 मध्ये काम पुन्हा सुरू झाले. म्हणजे नवी गाडी काढायची खाज पुन्हा सुटणार. सुटू दे. पण दीडपट हे विसरू नका.

पेडण्याच्या लोकांनी हसायचे कारण नाही. मोपाच्या विमानतळावर 5 जानेवारी 2023 पासून विमाने उतरू लागली आणि घरटी एक टॅक्सी, दोन भाड्याच्या खोल्या, असा बेत सुरू झाला. बेत वाईट नाही. पण डिचोलीने एका खनिजावर भार टाकला तसा पेडण्याने एका विमानतळावर टाकू नये.

पुरुमेंताची दुसरी रीत सांगते. पुरुमेंत कधी लपवून करतात का? तांदूळ किती उरले, सोलांची बरणी कुठवर आली, हे सुनेला ठाऊक असते, सासूला असते, मुलांनाही असते. म्हणून तर ऑगस्टमध्ये कुणी खाऱ्या बांगड्यांसाठी हट्ट करत नाही. मग कर्जाचा आकडा घरात का लपवता? इथे मला पुरुषांना थोडे रागवायचे आहे. वर्षानुवर्षे आमच्या गावातल्या महिलांच्या बचतगटाची वही मी सांभाळली आहे. गाडी ओढून न्यायला माणसे दारात आली तेव्हा पहिल्यांदा कर्जाचा आकडा कळला, अशा बायका मी पाहिल्या आहेत. 'तिला काळजी नको म्हणून सांगितले नाही' हे उत्तर मला पटत नाही. तिला आधी कळले असते तर तिने चवथीचा खर्च निम्मा केला असता, माहेरी शब्द टाकला असता. एकट्याने वाहिलेले कर्ज व्याजापेक्षा जास्त खाते: झोप खाते, तोंडची चव खाते. आणि बायांनो, तुम्हीही. भिशीचे, गटाचे, फोनवरच्या ॲपचे घेतलेले पैसे नवऱ्याला सांगितले आहेत का?

ॲपचे निघाले म्हणून सांगते. सगळी कर्जे सारखी नसतात. क्रेडिट कार्डाचे थकले तर महिन्याला साडेतीन टक्के असे व्याज लागते, म्हणजे वर्षाला बेचाळीस. आधी ते संपवा. घराच्या कर्जाची घाई नंतर. आणि हप्ता चुकणार असे दिसताच, चुकायच्या आधी, शाखेत जाऊन बसा. हप्ते थकून नव्वद दिवस उलटले की खाते एनपीए, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत, जाते. जूनचा चुकला, जुलैचा चुकला, ऑगस्टचा चुकला, की चवथीच्या सुमारास तुम्ही त्या यादीत. नंतर मॅनेजरच्या हातात फारसे उरत नाही. आधी गेलात तर हप्त्यांची फेरआखणी मागता येते. नवे कर्ज घेताना तर सरळ विचारा, पावसाळ्यात कमी आणि हंगामात जास्त असे हप्ते बांधून देता का? पीककर्जाची परतफेड पिकाच्या हंगामावर बेतलेली असतेच. हंगाम म्हणजे काय हे बँकेला कळते; टॅक्सीवाल्याने विचारायला हवे.

वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. कुणी शिवीगाळ केली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार द्या, दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. आणि ज्याला रात्र रात्र झोप नाही, नको ते विचार मनात येतात, त्याने 14416 लावावा. टेली मानस, सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत. कर्ज फेडायला माणूस जिवंत लागतो, हे बँकेलाही मान्य आहे.

पुरुमेंत एकाच बरणीत ठेवत नाहीत, हेही लक्षात असू दे. म्हापसा अर्बन बँकेचा परवाना एप्रिल 2020 मध्ये रद्द झाला, तिथे आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या लोकांची खाती होती. बँकेतल्या ठेवीला माणशी पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पतसंस्था वाईट असे मी म्हणत नाही, पण सगळेच्या सगळे तिथे ठेवू नका.

ऑक्टोबरमध्ये टिपरना रंग चढतो, शॅकचे वासे उभे राहतात, दिवाळी तोंडावर असते, नरकासुरावरही पैसे उडवायचे असतात. पैसा हातात यायला लागला की जून आठवत नाही, म्हणून आजच सांगते. आपल्या सगळ्या हप्त्यांची बेरीज करा. तिच्या निम्मी रक्कम दरमहा आपोआप कापली जाईल अशी आठ महिन्यांची आरडी ऑक्टोबरमध्येच बँकेत उघडा. ती पावसाच्या तोंडावर हातात येते. पूर्ण निम्मी जमत नसेल तर जमेल तेवढी. सरकारच्या गृह आधार योजनेचे दीड हजारही चालतील, सुरुवात तर होईल. आणि ही आरडी शिरगावच्या जत्रेला मोडायची नाही, भाचीच्या लग्नाला मोडायची नाही. पावसाआधीच पुरुमेंत खाणाऱ्या घराला आपल्याकडे काय म्हणतात, ते मी रेडिओवर सांगत नाही.

आज जेवणे झाली की टीव्ही बंद करा, घरातल्या सगळ्यांना बसवा आणि कर्जाचा आकडा एका कागदावर लिहा. नवऱ्याने लिहावा, बायकोने वाचावा. आणि कागदाच्या वर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: हप्ता दीडपट.