दोन आसनांचा खप, चार दारांचे भवितव्य

स्पोर्ट्‌स कार शेकड्यांत किंवा हजारांत खपते, सेडान लाखांत. तरीही मोटारींच्या इतिहासात पुन्हा पुन्हा असे दिसते की आधी दोन आसनांची महागडी गाडी आली आणि तिच्या मागून चार दारांची घरगुती गाडी. पहिलीचा खप दुसरीच्या उपयोगी तीन प्रकारे पडतो: नफ्याचा पैसा मिळतो, नव्या यंत्राची ग्राहकांच्या हाती परीक्षा होते आणि बाजारात कंपनीची पत तयार होते. यांपैकी पैशाबद्दल सर्वांत जास्त बोलले जाते आणि त्याचाच वाटा सर्वांत लहान असतो. खरे काम परीक्षा आणि पत करतात. प्रस्तुत व्याख्यानाचा हाच मुद्दा आहे आणि त्यासाठी मुख्य उदाहरण टेस्ला रोडस्टरचे आहे.

टेस्लाची जन्मकथा श्रोत्यांना ठाऊकच आहे. मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग यांनी २००३ मध्ये कॅलिफोर्नियात कंपनी काढली, इलॉन मस्क २००४ मध्ये भांडवल घेऊन आले, पुढे कोण राहिले आणि कोण गेले, यात वेळ घालवण्याचे कारण नाही. त्यावर चित्रफिती भरपूर आहेत आणि सभागृहातील तरुण मंडळींनी त्या व्याख्यात्यापेक्षा जास्त पाहिल्या आहेत. (हशा)

महत्त्वाची आहे ती ऑगस्ट २००६ मध्ये मस्क यांनी जाहीर केलेली योजना. तिचा गाभा सोपा होता. आधी स्पोर्ट्‌स कार बनवायची, त्या पैशातून परवडणारी गाडी बनवायची आणि त्या पैशातून आणखी परवडणारी. नव्या तंत्राची पहिली वस्तू नेहमी महाग पडते. ती महागच विकायची असेल तर जिथे ग्राहक किमतीकडे कमी पाहतो अशा वर्गात विकावी, हा त्यामागचा विचार. विचार शहाणपणाचा होता. पण योजनेतील ‘त्या पैशातून’ हा भाग हिशेबाला उतरत नाही.

जुलै २००६ मध्ये सांता मोनिकाच्या विमानतळावरील एका हँगरमध्ये रोडस्टर लोकांसमोर आली. पहिल्या शंभर गाड्यांसाठी ग्राहकांनी प्रत्येकी एक लाख डॉलर आगाऊ भरले, तेही गाडीचे उत्पादन सुरू होण्याच्या खूप आधी. गाडीचा सांगाडा इंग्लंडमधील लोटस कंपनीच्या एलिस या मॉडेलवरून घेतलेला होता. बॅटरीत लॅपटॉपमध्ये वापरतात त्या प्रकारचे ६,८३१ सेल होते आणि तिचे वजन सुमारे साडेचारशे किलो. एका चार्जमध्ये सुमारे ३९० किलोमीटर आणि शून्यापासून ताशी ९६ किलोमीटर वेग चार सेकंदांच्या आत, ही कामगिरी तेव्हाच्या विजेवरच्या गाड्यांबद्दलच्या समजुतीला छेद देणारी होती. नियमित उत्पादन मार्च २००८ मध्ये सुरू झाले आणि २०१२ च्या सुरुवातीला गाडी बंद होईपर्यंत जगभरात सुमारे २,४५० रोडस्टर विकल्या गेल्या.

आता पैशाचा हिशेब. प्रत्येक गाडीचे सरासरी एक लाख डॉलर धरले तर २,४५० गाड्यांची एकूण विक्री साडेचोवीस कोटी डॉलर होते. मॉडेल एस या सेडानच्या विकासासाठी आणि जुळणीसाठी अमेरिकी ऊर्जा खात्याकडून मंजूर झालेल्या कर्जाचा भाग एकट्याने साडेछत्तीस कोटी डॉलर होता. म्हणजे रोडस्टर फुकटात तयार झाली असती आणि विक्रीचा प्रत्येक डॉलर नफा असता, तरी सेडानचे ते कर्जसुद्धा फिटले नसते. प्रत्यक्षात रोडस्टर फुकट तर सोडाच, ठरवल्यापेक्षा कितीतरी महाग पडली. २००९ या वर्षी कंपनीचे उत्पन्न सुमारे ११ कोटी १९ लाख डॉलर होते आणि तोटा सुमारे ५ कोटी ५७ लाख. त्या उत्पन्नात इतर मोटार कंपन्यांना विकलेल्या प्रदूषणमुक्तीच्या क्रेडिट्सचाही पैसा होता. स्पोर्ट्‌स कारच्या नफ्यावर सेडान उभी राहिली ही कथा ऐकायला गोड आहे. ताळेबंदात ती सापडत नाही.

मग २,४५० गाड्यांनी सेडानला दिले काय? पहिली गोष्ट परीक्षा. रोडस्टरसाठी दोन गिअरचा गिअरबॉक्स ठरला होता. एक गिअर झटक्यात वेग घेण्यासाठी, दुसरा वरच्या वेगासाठी. विजेच्या मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण असतो. तो धक्का सोसत गिअर बदलणारा टिकाऊ गिअरबॉक्स काही तयार होईना. पुरवठादार बदलले, महिने गेले. शेवटी गिअर बदलण्याचीच कल्पना सोडण्यात आली. एकच गिअर ठेवून मोटरला जास्त विद्युतप्रवाह पुरवण्याची सोय करण्यात आली. २०१२ मध्ये आलेल्या मॉडेल एसमध्ये एकच गिअर होता, तो या धड्यामुळे. हजारो लहान सेल एकत्र बांधणे, त्यांच्यातून थंड द्रव फिरवणे, एक सेल पेटला तर शेजारचा पेटू नये अशी रचना करणे, हे सारे रोडस्टरच्या ग्राहकांच्या गॅरेजमध्ये पारखले गेले आणि मग सेडानमध्ये आले. मॉडेल एसच्या मोठ्या बॅटरीत त्याच मापाचे सात हजारांहून अधिक सेल होते. फक्त ते आसनांच्या मागे न ठेवता गाडीच्या तळाशी पसरले.

चुकांची किंमतही लहान राहिली. २००९ मध्ये मागच्या चाकांच्या बोल्टच्या दोषामुळे ३४५ रोडस्टर दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. ३४५ गाड्यांचे बोल्ट आवळणे ही एका कंपनीला झेपणारी गोष्ट आहे. साडेतीन लाख सेडानचे आवळण्याची वेळ आली असती तर कंपनीच शिल्लक राहिली नसती. स्पोर्ट्‌स कारचे ग्राहक पहिल्या पंगतीसारखे असतात: भाजीत मीठ कमी पडले तर ते तिथेच कळते आणि मोठी पंगत वाचते.

पहिली पंगत घाईत उठवली तर काय होते, याचे उत्तर जर्मनीत आहे. तेवढ्यापुरते थोडे आडवळण. नेकार्झुल्म गावच्या एनएसयू कंपनीने फेलिक्स वांकेल यांचे फिरत्या त्रिकोणी रोटरचे इंजिन हाती घेतले. या इंजिनात खालीवर होणारे पिस्टन नाहीत. त्रिकोणी रोटर पोकळीत गोल फिरतो आणि त्याच्या टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे सील, पोकळीच्या भिंतीला घासत राहतात. ही टोके हाच त्याचा दुबळा भाग. एनएसयूने १९६४ मध्ये एकाच रोटरचे इंजिन असलेली स्पायडर ही छोटी स्पोर्ट्‌स कार आणली. त्या एकूण २,३७५ बनल्या. रोडस्टरच्या संख्येशी हा आकडा जवळजवळ जुळतो, आणि म्हणूनच तुलना रंजक होते. स्पायडरने दाखवलेली सीलची दुखणी पुरती बरी होण्याआधीच १९६७ मध्ये दोन रोटरची रो ८० ही सेडान बाजारात आली. दिसायला देखणी, काळाच्या पुढची, युरोपातील ‘कार ऑफ द इयर’ ठरलेली. आणि मग इंजिने जाऊ लागली. वॉरंटीत इंजिने बदलून देता देता कंपनीचा जीव मेटाकुटीला आला. असे सांगतात की दोन रो ८० रस्त्यात समोरासमोर आल्या की चालक हात हलवत नसत, बोटे दाखवत: आपले कितवे इंजिन चालू आहे ते. (मोठा हशा) १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली आणि ऑटो युनियनमध्ये विलीन झाली. रो ८० १९७७ पर्यंत रडतखडत चालली.

याच इंजिनाचा परवाना हिरोशिमाच्या तोयो कोग्योने, म्हणजे आजच्या माझदाने, घेतला होता. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंत्यांचा गट बसवण्यात आला. सीलमुळे इंजिनाच्या आतल्या भिंतीवर उमटणाऱ्या ओरखड्यांना तिथे सैतानाच्या नखांचे वण म्हणत. ते घालवल्याशिवाय गाडी विकायची नाही, असे ठरले. कॉस्मो स्पोर्टच्या साठ गाड्या आधी देशभरातील विक्रेत्यांना चालवून पाहायला दिल्या. विक्री १९६७ मध्ये सुरू झाली. १९६८ मध्ये न्युर्बुर्गरिंगच्या ८४ तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरल्या आणि त्यांतली एक चौथी आली. सर्व मिळून कॉस्मो बनल्या अवघ्या १,१७६. पण त्या १,१७६ गाड्यांनी सिद्ध झालेले इंजिन १९६८ पासून फॅमिलिया, कापेला, लुचे अशा घरगुती गाड्यांत गेले आणि ते लाखांच्या संख्येने विकले गेले. दोन्ही कंपन्यांनी आधी स्पोर्ट्‌स कारच काढली. एकीने ती परीक्षा म्हणून वापरली, दुसरीने जाहिरात म्हणून.

आडवळण ठरल्यापेक्षा लांबले, पण कथा इथेच सोडली तर ती अर्धी खोटी ठरेल. १९७३ च्या तेलसंकटात माझदाच्या रोटरी सेडान अमेरिकेत अडकल्या. पेट्रोल इतके पीत की शहरात लिटरला पाच किलोमीटरही धड मिळत नसत. कंपनी बुडता बुडता सुमितोमो बँकेच्या आधाराने वाचली. स्पोर्ट्‌स कारची परीक्षा इंजिन टिकते का हे सांगते. सेडानचा ग्राहक जो प्रश्न विचारतो तो स्पोर्ट्‌स कारचा ग्राहक विचारतच नाही. तो प्रश्न कोणता, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. (‘ॲव्हरेज किती?’ असा मागील रांगेतून आवाज, हशा)

वेळेची पहिली चिठ्ठी आली आहे, तेव्हा दुसऱ्या गोष्टीकडे, पतीकडे, लगेच वळणे भाग आहे. पतीचे माहेर बँकेत नसून रस्त्यावर असते. २००८ च्या अखेरीस टेस्लाचा पैसा संपत आला होता आणि शेवटच्या क्षणी गुंतवणूकदारांनी तो पुरवला. त्या सुमारास जर्मनीच्या डायम्लरला आपल्या छोट्या स्मार्ट गाडीची विजेवरची आवृत्ती हवी होती. टेस्लाच्या अभियंत्यांनी एका स्मार्टमध्ये रोडस्टरची मोटर आणि बॅटरीचे तंत्र बसवून ती पाहुण्यांना चालवायला दिली. ती इवलीशी गाडी उसळली आणि पाहुणे पटले. मे २००९ मध्ये डायम्लरने कंपनीचा जवळजवळ दहा टक्के हिस्सा घेतला. जूनमध्ये ऊर्जा खात्याचे एकूण ४६ कोटी ५० लाख डॉलरचे कर्ज तत्त्वतः मंजूर झाले. मे २०१० मध्ये टोयोटाने पाच कोटी डॉलर गुंतवण्याचे ठरवले आणि फ्रीमाँट येथील बंद पडलेला कारखाना टेस्लाला मिळाला. जून २०१० मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली.

या सर्व वाटाघाटींत टेस्लाकडे दाखवायला काय होते? मार्च २०१० अखेर २२ देशांत विकलेल्या १,०६३ रोडस्टर. सेडानचा तर फक्त नमुना होता. मार्च २००९ मध्ये तो लोकांना दाखवला गेला आणि प्रत्येकी किमान पाच हजार डॉलर ठेव घेऊन नोंदणी सुरू झाली. चालत्या रोडस्टरकडे बोट दाखवता आले नसते तर न बनलेल्या सेडानसाठी ना ग्राहकाने ठेव दिली असती, ना सरकारने कर्ज. ते कर्ज २०१३ मध्ये मुदतीच्या नऊ वर्षे आधी फेडले गेले.

यावर आक्षेप येईल की सरकारी कर्ज, प्रदूषणाचे कायदे आणि नशीब यांचे श्रेय स्पोर्ट्‌स कारला दिले जात आहे. आक्षेप निराधार नाही, आणि हे कोणा उद्योगपतीचे गुणगानही नव्हे. पण तेच कायदे आणि तीच कर्जयोजना इतरांनाही उपलब्ध होती. फिस्कर या मोटार कंपनीने त्याच योजनेतून कर्ज घेतले, आणि ती २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. ग्राहकांच्या हाती पारखले गेलेले यंत्र टेस्लाकडे आधी होते, कर्ज नंतर आले. हा क्रम निर्णायक ठरला.

स्पोर्ट्‌स कारकडून सेडानकडे सगळेच जात नाही, हेही नोंदवले पाहिजे. एलिसचा सांगाडा पुढे गेला नाही. बॅटरी मावण्यासाठी त्यात इतके बदल करावे लागले की उसन्या सांगाड्याची बचत संपली. म्हणून मॉडेल एस कोऱ्या कागदावरून आखली गेली. जून २०१२ मध्ये पहिल्या सेडान ग्राहकांना मिळाल्या. २०१७ मध्ये मॉडेल ३ आली. तिच्यापर्यंत पोचेस्तोवर पतीचे काम रोडस्टरकडून मॉडेल एसकडे गेले होते. त्याच वर्षी जाहीर झालेली नवी रोडस्टर २०२० मध्ये येणार होती. ते वर्ष उलटून गेले तरी सेडानचे काही अडले नाही, कारण आता तिला स्पोर्ट्‌स कारची गरज उरली नव्हती.

दुसरी चिठ्ठीही आली आहे, त्यामुळे भारताबद्दल दोनच वाक्ये. जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे देशातील पहिले दालन उघडले आणि तिथे मॉडेल ३ च्याच पायावर बांधलेली मॉडेल वाय सुमारे साठ लाखांना ठेवली गेली. हा माल परवडणाऱ्यांचा नाही, म्हणजे भारतात योजनेची पहिलीच पायरी चालू आहे.

निष्कर्ष असा. स्पोर्ट्‌स कारचा खप पाहून सेडानचे भवितव्य सांगायचे असेल तर किती गाड्या विकल्या आणि किती नफा झाला हे शेवटी विचारावे. आधी विचारावे की त्या गाड्यांत कोणते यंत्र होते, ते ग्राहकाच्या हाती किती वर्षे चालले आणि त्यातले बिघाड सेडान बाजारात येण्यापूर्वी दुरुस्त झाले का. एनएसयूच्या २,३७५, माझदाच्या १,१७६ आणि टेस्लाच्या २,४५० गाड्यांतला फरक आकड्यांत नाही, या उत्तरांत आहे.