पात्रयोजना आणि पात्रता
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



आपल्या मंडळाच्या तरुण सभासदांनी पुढील संमेलनासाठी एक सूडकथेचे नाटक बसविण्याचे योजिले आहे, ही आनंदाची वार्ता होय. परंतु पहिली तालीम होण्यापूर्वीच भूमिकांच्या वाटणीवरून दोनतीन घरांत रुसवेफुगवे झाल्याचे आमच्या कानी आले आहे. नायक सर्वांनाच व्हावयाचे आहे; खलनायकाचे काम कोणास नको; आणि पहारेकऱ्याची भूमिका आपल्या मुलास मिळाली म्हणून आईबापच खट्टू झाले आहेत. यास्तव आज पात्रयोजनेविषयी चार शब्द बोलावे असे आम्ही ठरविले. उदाहरण आपणां सर्वांच्या परिचयाचे घेतो. ते म्हणजे १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला 'शोले' हा चित्रपट.

या चित्रपटात गाणी आहेत, विनोद आहे, मैत्री आहे. पण त्याचा कणा सूडाचा आहे. गब्बरसिंग दरोडेखोराने ठाकूर बलदेवसिंगाचे कुटुंब मारले, त्याचे दोन्ही हात तोडले. त्या अन्यायाचे परिमार्जन ही सारी कथा. अशा कथेचा भार दोन खांबांवर असतो : एक, ज्याच्यावर अन्याय झाला तो, दुसरा, ज्याने तो केला तो. दुसऱ्याचे भय प्रेक्षकांस वाटले नाही, तर पहिल्याचा संताप पोकळ ठरतो. म्हणून खलनायकाची निवड ही सूडकथेतील पहिली कसोटी होय.

दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी गब्बरसाठी प्रथम डॅनी डेन्झोंग्पा यांस योजिले होते. परंतु ते फिरोज खान यांच्या 'धर्मात्मा' चित्रपटासाठी अफगाणिस्तानात गुंतले. संजीवकुमार व अमिताभ बच्चन या दोघांनाही गब्बर साकारण्याची इच्छा होती. पण त्यांस वेगळ्या भूमिका मिळाल्या. अखेर लेखक सलीम-जावेद यांच्या शिफारशीने अमजद खान या तरुणाची निवड झाली. ते अभिनेते जयंत यांचे चिरंजीव. रंगभूमीवर त्यांनी काम केले होते, पण चित्रपटात त्यांचे नाव झालेले नव्हते.

निवड झाली म्हणून काम झाले, असे मात्र नाही. अमजद यांनी तरुणकुमार भादुरी यांचे चंबळच्या दरोडेखोरांवरील 'अभिशप्त चंबल' हे पुस्तक वाचून काढले. बालपणी ऐकलेल्या एका धोब्याच्या बोलण्याची ढब त्यांनी गब्बरच्या वाणीत आणली, असे सांगतात. एवढे करूनही कर्नाटकातील रामनगरच्या खडकांत चित्रीकरण सुरू झाल्यावर प्रारंभीचे दिवस त्यांस जड गेले. त्यांचा आवाज खलनायकास शोभण्याजोगा भारदस्त नाही, तो दुसऱ्याकडून भरून घ्यावा, अशी चर्चा झाली; आणि शंका घेणाऱ्यांत शिफारस करणारे लेखकही होते! सिप्पी यांनी मात्र तोच आवाज ठेवला. पुढे चित्रपटातील संवादांच्या तबकड्या निघाल्या, घरोघरी वाजल्या, आणि त्याच गब्बरच्या तोंडून बिस्किटांची जाहिरातही झाली.

हा वृत्तांत प्रथम वाचला तेव्हा आमची मान खाली गेली. शिक्षक असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात शिवकालीन नाटक बसविण्याचे काम आमच्याकडे होते. एका मुलाने सरदाराची भूमिका मागितली. सर्वांची भाषणे त्यास मुखोद्गत होती. आम्ही म्हणालो, "बाळ, तुझा आवाज बारीक आहे," आणि त्याच्या हाती पडद्याची दोरी दिली. मुले हसली. त्यानंतर तो वर्गात मोठ्याने वाचण्यासही कचरू लागला. त्याची तालीम घेऊन पाहण्याचे कष्टसुद्धा आम्ही घेतले नव्हते. आवाज बारीक होता हे खरे. पण कान आमचेच कोते होते.

आता दुसरा खांब. ठाकुराची भूमिका धर्मेंद्र यांस हवी होती, हा किस्सा प्रसिद्ध आहे. तसे केल्यास वीरूचे काम संजीवकुमारांकडे जाईल आणि हेमामालिनी त्यांच्या वाट्यास येईल, असे सांगताच धर्मेंद्र वीरूवर राजी झाले. संजीवकुमारांचा जन्म १९३८ चा. म्हणजे चित्रीकरणसमयी चाळिशीही दूर होती. १९७२ साली त्यांनी 'कोशिश'मध्ये जया भादुरींचा पती आणि 'परिचय'मध्ये त्यांचाच पिता रंगविला होता. 'शोले'त ते त्यांचे सासरे झाले. वय वेषाने थोडेफार येते, पण दुःख आतून आणावे लागते. शिवाय येथे नटाचे मोठे साधन, म्हणजे हात, शालीआड बंद! जे करावयाचे ते मुद्रेने, मानेने आणि चालण्याने.

लहान भूमिकांविषयी रुसलेल्या आईबापांस एवढेच विचारतो : सांभाच्या तोंडी किती शब्द आहेत? अगदी मोजके. तरी मॅकमोहन यांस लोक जन्मभर सांभा म्हणूनच ओळखत राहिले. कालियाचे काम करणारे विजू खोटे तर आपल्या मराठी रंगभूमीचे. गब्बरसमोर उभे राहताना त्यांच्या मुद्रेवर जे भय उमटते, त्यानेच गब्बर मोठा होतो. भिणारा नट चांगला नसेल, तर भिवविणारा एकटा काय करील?

शेवटी एक गोष्ट. मूळ चित्रपटात ठाकूर गब्बरला ठार करतो आणि मग कोसळून रडतो. आणीबाणीच्या काळात परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतल्यामुळे शेवट बदलला व पोलीस आणले गेले. २०२५ च्या जून महिन्यात इटलीतील बोलोन्या येथे मूळ शेवटासह हा चित्रपट दाखविण्यात आला. आमच्या तरुण नटांनी ते अश्रू ध्यानात ठेवावे. सूड घेणाऱ्याचे काम करणाऱ्याने केवळ आवेशाची तयारी करून भागत नाही. सूड पुरा झाल्यावर हाती काय उरते, याचीही तयारी करावी लागते.

तेव्हा मुलांनो, तालमीविना कोणास नकार देऊ नका आणि तालमीविना कोणी भूमिकेवर हक्क सांगू नका. पडद्याची दोरी ओढणाऱ्यासही एकवार रंगमंचावर उभे करून त्याचे म्हणणे ऐका. आमच्या हातून जे राहिले, ते तुमच्या हातून घडो, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.