नाकेबंदीची झळ



आर्थिक निर्बंध म्हटले की आपल्याला इराक आठवतो. आपल्या लोंढ्यावरून गोव्याला जाणारी आगगाडी का थांबली होती, हे मात्र विसरतो. ऑगस्ट १९५५ मध्ये पोर्तुगिजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि भारताने सरहद्द बंद केली. हेतू सालाझारला नमवण्याचा. पण गोव्यातल्या कितीतरी घरांची चूल मुंबईच्या पगारावर पेटत असे. बोटीवरचा खलाशी, कुडात राहणारा आचारी, पेढीवरचा कारकून दरमहा घरी पैसे धाडी. त्यावर बंधने आली. परवान्यावाचून ये-जाही बंद. आई आजारी पडली तरी मुलगा आधी परवान्याच्या मागे.

आणि सरकार? त्याला बटाटे हॉलंडहून मिळाले, सिमेंट जपानहून, तांदूळ पाकिस्तानातून. लोहखनिज परदेशी जाऊ लागले, खाणमालक गबर झाले. शेवटी डिसेंबर १९६१ मध्ये लष्करच पाठवावे लागले. गोवा मुक्त व्हायलाच हवा होता, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण झळ सालाझारपर्यंत पोहोचलीच नाही, ती चुलीपाशी थांबली. सभागृहात गोमंतकीय कुटुंबे आहेत. त्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले ते दिवस लिहून काढावेत, एवढी विनंती.